मृगावतीचा होकार

अंबरनाथ, ८ नोव्हेंबर २०२४

चि. सुरुचीस,
मामाचे अनेक आशीर्वाद. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझा मुद्दा राहून जातो, म्हणून पत्र.

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळासाठी मी ऐतिहासिक नाटक लिहिले आहे. इतिहास माझ्या मनातला, त्यामुळे सनावळीची कटकट नाही. राजा विक्रांतदेव राजकन्या मृगावतीला मागणी घालतो, तिचे वडील सम्राट होकार देतात आणि ती लाजून ‘जशी आज्ञा’ म्हणते. सम्राट अर्थातच मी. राजकन्या होणाऱ्या बाईंचे गुडघ्याचे ऑपरेशन निघाले, म्हणून बदलापूरहून तुझ्या आईला बोलावले. तिथेच फसलो. पहिल्याच तालमीला तिने विचारले, की लग्न हिचे, तर आज्ञा दुसऱ्याची का? आता मृगावतीच राजाला प्रश्न विचारते. रडू आले तर तो कुणाला सांगतो, वगैरे. राजाला असे कोणी विचारते का?

राजा झालाय मोरिवलीचा कैलास. कंपनीत माझ्या हाताखाली फिटर होता. बायको जाऊन चारेक वर्षे झाली असतील. आवाज खणखणीत आहे. पण तालीम संपली तरी दोघे सरावाला थांबतात! एका पानाच्या प्रवेशाला एवढा सराव? तू जरा आईला समजाव.

आमची माया ठाऊक आहेच. तुझी खुशाली दोन ओळींत तरी कळव.
तुझा,
दिनूमामा

---

नाशिक, १५ नोव्हेंबर

ती. मामास,
सुरुचीचा सा. न. वि. वि.
पत्र ऑफिसात उघडलं आणि हसू आवरेना. आईला समजावून कोणी यशस्वी झाल्याचं तुमच्या ऐकण्यात आहे का?

एक मात्र सांगते. बाबा गेल्यापासून आईचा फोन म्हणजे ‘जेवलीस का, बरं, ठेवते.’ परवा मी फोन केला तर पाठांतर चालू आहे म्हणून तिनेच मला कटवलं, आणि मागे कोणीतरी हसत होतं. मामा, मला फार बरं वाटलं. तुम्हाला का नाही वाटलं? नक्की कोण रागावलंय, सम्राट, मामा की कंपनीतले साहेब?

चिडू नका. चिडलात तरी माया कमी करू नका.
तुमची,
सुरुची

---

बदलापूर, २ डिसेंबर

चि. सुरुचीस,
आईचे खूप आशीर्वाद. हे फोनवर सांगताना मला हसू तरी येईल नाहीतर रडू, म्हणून लिहिते.

राजाचे कपडे आणायला मी आणि कैलासराव उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पच्या बाजारात गेलो होतो. भाड्याच्या कपड्यांच्या दुकानातल्या सिंधी शेठने नवरदेवाची शेरवानीच काढली, आणि माझ्याकडे बघत सगाई कब है म्हणून विचारलं. कैलासराव कानापर्यंत लाल झाले. परतताना शेअर रिक्षात आम्हाला चिकटून जीन्सचं भलंमोठं गाठोडं घेतलेला एक माणूस. त्या गाठोड्याच्या आडून कैलासरावांनी मला विचारलं, की नाटक संपल्यावरही आपण भेटायचं का, कायमचं? पलीकडून गाठोडेवाला म्हणाला, हां बोल दो आंटी.

मी विचार करते म्हटलं. दादाला सांगितलं तर तो ओरडला, की माझा फिटर माझा मेहुणा होणार? तेव्हापासून तो माझ्याशी फक्त नाटकातली वाक्यं बोलतो. मला त्याची परवानगी नको गं. पण त्याने तोंड फिरवलं तर माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. कैलासरावांना अजून उत्तर दिलेलं नाही.

वेळेवर जेव. आईवर हसलीस तरी चालेल, रुसू नकोस.
तुझी,
आई

---

अंबरनाथ, १६ डिसेंबर

चि. सुरुचीस,
आशीर्वाद. काल संध्याकाळी प्रयोग झाला. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच लिहितो.

मागणीचा प्रवेश आला. शेरवानीतला कैलास समोर आला आणि माझे डोके फिरले. ‘कन्या दिली’ म्हणायचे सोडून मी गरजलो, की देत नाही! विंगेत धावपळ उडाली. तुझी आई शांतपणे पुढे आली आणि म्हणाली, की महाराज, मी मागायला आलेले नाही, सांगायला आले आहे. तिने कैलासचा हात धरला. बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पहिल्या रांगेतून कोणीतरी ओरडले, द्या ना हो काका!

माझी दाढी एका बाजूने सुटली होती. ती धरून मी कैलासला दरडावले, की ही दिवसभर बोलत सुटली तर काय करशील? तो राजा असल्याचे पार विसरला. म्हणाला, की साहेब, ती गेली तवापासून माझे घरान कोन बोलतच नाय. बोलू द्या हिला. मी ऐकीन.

‘साहेब’ ऐकून सगळे सभागृह हसले. सुरुची, मला हसता आले नाही. तुझी मामी गेल्यापासून माझ्या घरातही टीव्हीच बोलतो. मी दाढी काढून हातात घेतली आणि म्हणालो, ऐक बाबा, मन लावून ऐक. पुढची वाक्ये कोणालाच आठवेनात, म्हणून पडदा पाडला.

लग्नाचा मुहूर्त जानेवारीत आहे, रजा टाक. नाटकाचा बदलापूरच्या मंडळाने दुसरा प्रयोग मागितला आहे. दोघांना विचारायला आज फोन लावला, तर राजा-राणी पडदे पसंत करायला बाजारात गेले होते. रंगमंचाचे नव्हेत, खिडक्यांचे. निळे की पिवळे यावर भांडण चालले होते. मी निळे म्हणालो. दोघांनी मिळून मला गप्प केले.

अशीच माया राहू दे.
तुझा,
दिनूमामा