इमू, भुवया आणि पिसिला

पूज्य तोआकासे आत्या,

मान खाली घालून नमस्कार. समोर असते तर चटईवर तुमच्यापेक्षा खाली बसले असते. इथे लेसिएली ताईच्या स्वयंपाकघरात एक उंच स्टूल तेवढं आहे, त्यावर बसून लिहिते आहे, उद्धटपणा समजू नका. तुमचे गुडघे कसे आहेत? ती कान तुटलेली डुकरीण व्याली का? चर्चच्या गायनात तुमच्या शेजारची माझी जागा कोणी बळकावली तर नाही ना? आम्ही सगळे खुशाल आहोत. (खुशाल म्हणजे कोणी आजारी नाही. बाकीचं मलाच नीट कळलेलं नाही, तेव्हा सांभाळून घ्या.)

सिडनीहून ताईच्या मिल्ड्युरापर्यंत गाडीने जायचं, ही कल्पना माझीच. आपल्या टोंगात बेटावर कुठेही निघालं तरी डुलकी लागायच्या आत समुद्र आडवा येतो. दादाची पिसिला आता चार वर्षांची झाली, समुद्राशिवायही जमीन असते हे तिने डोळ्यांनी पाहावं, असं मला वाटलं. मी झाडांच्या माहितीचं एक पुस्तकही घेतलं होतं. (पिसिलाने ते पायाखाली घेतलं, म्हणजे तिला खिडकीतून दिसायला लागलं. पुस्तकं माणसाला उंच करतात, हे अगदी खरं आहे.) ताई आम्हाला घ्यायला सिडनीपर्यंत आली होती. भाड्याची व्हॅन सेमिसी दादा चालवत होता, शेजारी ताई, कारण ती थोरली आणि रस्ता तिला ठाऊक, आणि मागे विका वहिनी, पिसिला आणि मी. आता बहिणींसमोर भावाने थट्टामस्करी करायची नाही, हा आपला नियम, आणि इथे तर एक बहीण शेजारी, दुसरी पाठीशी! बिचारा दादा सिडनीपासूनच मुका झाला. रेडिओवर प्रेमाचं गाणं लागलं की तो दचकून बंद करायचा आणि मागून पिसिला ओरडायची, "बाबा, मला आवडलं होतं ते!"

अर्ध्याहून जास्त रस्ता सरल्यावर एक मोठी पाटी आली आणि तिच्याखाली एक पिंप. पुढे फळबागा आहेत, किडीची भीती आहे, जवळ असतील नसतील ती फळं इथे टाका, असं लिहिलेलं. आमच्याकडे सिडनीच्या चर्चमधल्या बायकांनी दिलेलं संत्र्यांचं अख्खं खोकं आणि केळ्यांचा घड होता. मी पाटी मोठ्याने वाचून दाखवली. ताई म्हणाली, "टाका म्हणे! खाण्याची वस्तू टाकायची? आईने ऐकलं असतं तर कान उपटला असता त्या पाटी लावणाऱ्याचा." कायदाही मोडायचा नाही आणि अन्नही टाकायचं नाही, म्हणून आम्ही पाचही जण पिंपाभोवती उभे राहून खायला लागलो. मधेच एक गोरं जोडपं आलं, त्यांनी एक सफरचंद पिंपात टाकलं आणि आमच्याकडे बघत थांबले. आम्ही गोल उभे, गप्प, माना खाली, तोंडं चालू. त्या गृहस्थांनी हळूच टोपी काढून हातात घेतली. हा एखादा विधी आहे असं त्यांना वाटलं असावं. शेवटी शेवटी तसं मलाही वाटायला लागलं होतं. पिसिला म्हणाली, "आपणच खातोय. पिंपाला द्या ना एखादं." तिच्या हातून त्याला सालं दिली.

मग पुढच्या रस्त्याला पोटं जड, डोळे जड. दोन्ही बाजूंना नुसतं सपाट रान, वळण म्हणून नाही. पिसिला वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, आणि ताई समोर बघत म्हणाली, "सेमिसी, यंदापासून पिसिलाला माझ्याकडेच राहू दे. शाळा माझ्या दारासमोर आहे. देशील ना रे?"

नेमका त्याच क्षणी एक इमू रस्त्यावर आला. माणसाएवढा पक्षी, आत्या, घाई कसली ती नाही. दादाने ब्रेक दाबला आणि त्याच्या दोन्ही भुवया कपाळाला टेकल्या.

आता आपल्यात भुवया वर म्हणजे हो. त्यात वाद नाही, तेवढ्यावर लग्नं ठरली आहेत. ताईने डोळे पुसले, म्हणाली, "देव तुझं भलं करो." इमू निघून गेला. वहिनीने पिसिलाच्या केसांतला हात काढलाच नाही.

पुढच्या पेट्रोल पंपावर मी दादाला बाजूला घेतलं. "दादा, ते हो ताईला होतं की इमूला?"

त्याने बराच विचार केला. "आधी इमूला."

"मग?"

"मग भुवया खाली आणायला उशीर झाला."

"अरे, मग सांग ना तिला तसं!"

"बहिणीला नाही म्हणू? मी? तूच सांग. घरात बी. ए. कोण आहे?"

म्हणून इथे पोचल्यावर मी सांगायला गेले. सत्य साध्या शब्दांत सांगावं, असं मी शाळेत मुलांना शिकवते. ताईने मला आतली खोली दाखवली. छोटा पलंग, पिवळे पडदे, दाराशी छोट्या सपाता, पण दोन मापांच्या, कारण पिसिलाचं पाऊल केवढं ते तिला माहीत नव्हतं. तिचे दोन्ही मुलगे आता लांब खाणीत कामाला असतात. म्हणाली, "घरात भांडायलाही कोणी नाही गं, लुसी." माझ्या तोंडून एवढंच निघालं, "पडदे छान आहेत." झालं! कौतुक केलेली वस्तू पाहुण्याला द्यायची, हे ताई परदेशात राहून विसरलेली नाही. मी नको नको म्हणेपर्यंत ती खुर्चीवर चढून पडदे काढायला लागली. घरातली पहिली पदवीधर सत्य सांगायला आत गेली आणि पडदे घेऊन बाहेर आली.

तेव्हापासून सगळे एकमेकांशी फार गोड बोलतात. दादा ताईची फाटकं दुरुस्त करतो आहे, बिघडलेलं नव्हतं तेसुद्धा. वहिनी पिसिलाचे फ्रॉक बॅगेत भरते, काढते, पुन्हा भरते. विचारलं तर म्हणते, "इथे उकडतं ना, कुठला घालायचा ते बघतेय." चूक कोणाची तेच मला उमगत नाही. ताई वाईट नाही, दादा खोटा नाही, आणि इमूला तर काही माहीतच नव्हतं.

फोनवर बोलावं तर या घरात सगळं ऐकू जातं, म्हणून टोंगाला परत निघालेल्या फिनाऊ काकूंच्या हाती हे पत्र देते आहे. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमची भाची,
लुसेआने

ता. क. भावाच्या लेकरावर बहिणीचा जो हक्क, त्याच हक्काने ताईने पिसिलाला मागितलं. पण आम्ही तिन्ही भावंडं तुमच्या भावाची. म्हणजे ताईला जिला नाही म्हणता येत नाही अशी एकच बाई आहे, आणि ती तुम्ही. पिसिला तुम्ही मागा ना आत्या! "मला हवी आहे, नाताळाला तू स्वतः घेऊन ये," असं ताईला सांगा, म्हणजे तीही येईल आणि भांडायला पुष्कळ माणसं मिळतील. मग पिसिला तुमची. तुम्ही ती कोणाला द्यायची ते तुम्ही ठरवा, पण वहिनीचं घर तुमच्या कुंपणाला लागून आहे, एवढं लक्षात असू द्या. (आत्यांचा हा हक्क आता कालबाह्य झाला आहे, असा निबंध मी पदवीसाठी लिहिला होता. परीक्षकांना तो आवडला. तुम्ही वाचू नका.)

ता. क. २. ताईला फोन कराल तेव्हा जे काय ते तोंडाने बोला. मागच्या वेळी तुम्ही फोनवर भुवया वर केल्यात आणि आम्ही इकडे हॅलो हॅलो करत बसलो.

ता. क. ३. पाकीट बंद करता करता लक्षात आलं, पिसिलाला कोणी विचारलंच नाही. ती माझ्या स्टुलाखाली बसून दोन मापांची एकेक सपात घालून बघत होती. विचारलं, "पिसिला, आईबरोबर घरी जायचं का गं?" तिने दोन्ही भुवया वर केल्या. मी ताबडतोब खिडकीबाहेर पाहिलं. इमू नव्हता.