इंजिन येणार नाही

इंदिरानगर, नाशिक
९ मार्च २०२५

चि. सनी,
जयभीम.

पुढे नेहमीसारखं 'अनेक आशीर्वाद' लिहायला गेले, पण पेन अडलं. फोन केला तर 'ताई, रेंज नाहीये' म्हणून तू कट करशील, मेसेज केला तर वाचून उडवशील. म्हणून कागद. फाडायचा झाला तर निदान हाताने फाडावा लागेल.

इकडे सगळं ठीक. ऊन तापायला लागलंय. पप्पा बरे आहेत. देवळालीहून मनीषाआत्या येऊन गेली. सनीला बेंगळुरूचं जेवण मानवतं का, विचारत होती. मी म्हटलं, त्याला सगळं मानवतं.

तुझा मेसेज मिळाला. 'ताई, इंजिन उघडून नवीन बेअरिंग टाक आणि कुरिअर कर. इथल्या टीमकडून माझी पहिली रेस आहे. आणि या वेळी बॅटरी नीट चार्ज करून पाठव.' पुढे हसरा चेहरा.

या वेळी! हे दोन शब्द टाइप करताना तुझं बोट जरासुद्धा थांबलं नाही?

जानेवारीतल्या रेसनंतर मी त्या रिमोटच्या छोट्या गाडीला हात लावला नव्हता. पिशवीची चेन उघडायचीही हिंमत होत नव्हती. तुझ्या मेसेजमुळे परवा उघडली. टाकीत इंधन तसंच. इंजिनात तेलाचा थेंब नाही, बेअरिंगवर गंज. रेस संपली की उरलेलं इंधन जाळायचं, इंजिनात तेलाचे थेंब सोडायचे, पिस्टन खाली आणून ठेवायचा, हे तुला मी किती वेळा सांगितलं असेल? पण जाऊ दे. इंजिन धुता येतं.

मग मी बॅटरीचा डबा उघडला.

आत छोटी बॅटरी होती. सरावाची. दहा-पंधरा मिनिटं टिकणारी. आणि फायनल होती पाऊण तासाची. मी रात्रभर डोळ्यांत तेल घालून तयार केलेली मोठी बॅटरी, हिरवी टेप लावलेली, इथेच राहिलेल्या तुझ्या निळ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात निघाली. मीटर लावला. अजून भरलेली होती, सनी. ती एका फेरीपुरतीसुद्धा वापरली गेली नव्हती.

मग कार्बोरेटरकडे बघितलं. बॅटरी मेली तरी थ्रॉटल आपोआप मिटून गाडी थांबावी म्हणून मी जी बारीक स्प्रिंग लावते, तिचा हूक रिकामा होता. तू नेहमी कुरकुर करायचास, स्प्रिंगमुळे थ्रॉटल जड लागतो, मोठ्या बॅटरीने गाडी जड होते. म्हणून मी इंधन मोजून घ्यायला गेले तेवढ्यात दोन्ही काढलंस. वरून बॉडी चढवलीस. मी बिचारी पिटमध्ये उभी राहून प्रत्येक वेळी टाकी भरून देत होते आणि आत काय आहे ते मला ठाऊकच नव्हतं.

गाडी पळवतं ते इंजिन, पण रिमोटचं ऐकून तिला आवरते ती बॅटरी. तू शाळेत होतास तेव्हा हे वाक्य मीच तुला घोकायला लावलं होतं. बॅटरी मेली, थ्रॉटल उघडाच राहिला आणि सरळ पट्टीवरून ती पूर्ण वेगात वळणावर मदतीला उभ्या असलेल्या नाथाकाकांच्या नडगीवर गेली. दुसऱ्या कुणाची तरी उलटलेली गाडी सरळ करायला ते वाकले होते. त्यांना आवाज आला, पण बाजूला व्हायला वेळ मिळाला नाही.

आणि तू रिमोट ठेवून चालकांच्या स्टँडवरून उतरलास, माईक घेतलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "सॉरी, आमच्या ताईकडून बॅटरी चार्ज करायची राहिली."

मी ते खरं मानलं! हाच संताप जात नाही माझ्या डोक्यातून. मी घरी येऊन चार्जर बघितला, वायर बघितली, वाटलं, दमले होते, राहिलं असेल. तुझ्या तोंडून आलं म्हणून मी माझ्या स्वतःच्या हातांवर अविश्वास दाखवला.

नाथाकाकांच्या पायात सळई घातली आहे. हाड जुळतंय, पण उकिडवं बसता येत नाही, आणि झेंडू काही उभ्याने तोडता येत नाही. म्हणून तेव्हापासून रोज अंबडला कामावर जायच्या आधी मी स्कूटरवरून म्हसरूळला त्यांच्या मळ्यात जाते. लंकाकाकू टोपली पुढे सरकवायच्या, तोंडाकडे बघायच्या नाहीत. मीही खाली मान घालून फुलं तोडायची. एकदाही चहा मागितला नाही. मागायचा हक्क नाही असं वाटायचं.

पप्पा बरे आहेत असं वर लिहिलं, ते खोटं आहे. त्यांच्यात आणि माझ्यात बोलणं बंद आहे.

झालं असं. परवा ती छोटी बॅटरी मी त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली. ते पेपर वाचत होते. मला वाटलं, विचारतील, हे काय? त्यांनी विचारलं नाही. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

मी म्हटलं, "पप्पा, ही गाडीत होती."

म्हणाले, "सांगितलं होतं सनीने मला."

"कधी?"

"त्याच दिवशी. संध्याकाळी."

मला आधी कळेचना. मी म्हटलं, "मग मी रोज पहाटे उठून कुठे जाते, ते तुम्हाला दिसत नव्हतं?"

तर म्हणाले, "त्याचं टीमचं ठरत होतं गं. असं नाव खराब झालं असतं तर कोणी घेतलं असतं त्याला? तुझं काय, तुझी नोकरी आहे. तुला कोण काय म्हणणार होतं? आता झालं गेलं. नाथाला सांगू नकोस."

ज्या माणसाने मला पाना धरायला शिकवला, तो हे बोलला. मी रडेन असं त्यांना वाटलं असावं. मी रडले नाही. स्कूटर काढली आणि म्हसरूळला गेले.

नाथाकाका खाटेवर पाय लांब करून बसले होते, काकू हार ओवत होत्या. दोघांपुढे सगळं सांगितलं. काकूंना आधी पटेना. "गाडी तर तेलावर पळती, मंग ब्याटरीचं काय?" मी बॅटरी हातात देऊन समजावलं. 

काका म्हणाले, "म्हंजी तू इसरली नव्हती?"

"नाही काका."

"सन्याला ठावं व्हतं?"

"हो."

"दवाखान्यात माझ्यापाशी बसला व्हता, तव्हा बी?"

मी हो म्हटलं. तेव्हा त्यांच्याकडूनच कळलं की तू त्यांचा हात धरून म्हणाला होतास, काका, ताईला माफ करा, ती मुद्दाम नाही करणार असं. काकांनी ते वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

निघताना मी सवयीने टोपली उचलली. काकूंनी ती हातातून ओढून घेतली. "उद्यापासून येऊ नको," म्हणाल्या. मी घाबरले. तर म्हणाल्या, "ज्याचं काम हे त्याला धाड. तू बस. च्या टाकते." आणि एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तिथे मात्र मला रडू आलं.

तर इंजिन येणार नाही. ते मी धुतलं, बेअरिंग बदललं, तेल सोडून कपड्यात गुंडाळून ठेवलं, कारण गंजणारं इंजिन मला बघवत नाही. तुझ्यासाठी केलेलं नाही. माझ्या पगारातून आणलेलं, माझ्या हाताने रुळवलेलं इंजिन आहे ते. पुढच्या रेसला ती गाडी मी चालवणार आहे. हरले तर हरले.

ट्रॅकवरच्या लोकांना मी अजून काहीच सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं. तोच माईक घेऊन, जसं माझं नाव घेतलंस तसं.

त्याआधी एक काम. नाशिकला उतरलास की घरी येऊ नकोस, पप्पा तुला पोटाशी धरतील आणि सगळं तिथेच विरघळेल. सरळ म्हसरूळला जा. काकू सकाळी सहाला मळ्यात असतात. काही बोलल्या तर ऐकून घे, नाही बोलल्या तर जास्त ऐक. फुलं तोड. कंबर मोडेपर्यंत तोड. मग काकांच्या खाटेपाशी बस आणि जे खरं आहे ते तुझ्या तोंडाने सांग. माझ्याकडे त्यानंतर ये.

माझा राग जाईल की नाही, ते मला आज सांगता येत नाही. पण तू आलास तर दार उघडेन, एवढं नक्की. तोपर्यंत मेसेजमध्ये मला ताई लिहू नकोस. डोळ्यांना सहन होत नाही.

तेजल सहादू पगारे