वायफायचं सोवळं

५ मे, मंगळवार
संध्याकाळी पुण्याच्या कंपनीची ऑनलाइन मुलाखत. तिसऱ्या प्रश्नाला चित्र अडकलं. माझं तोंड अर्धं उघडं दिसत राहिलं असणार. शनिवारी अकराला पुन्हा घेतो म्हणाले. परत अडकलं तर तिसऱ्यांदा कोण विचारतं?
त्या वेळी बाबांची टीव्हीवर मॅच, आईची मोबाइलवर मालिका, वरच्या मजल्यावर काका-काकूंचे दोन टीव्ही. सगळं वायफायच्या एकाच डब्यावर. बाबांचं ठरलेलं: "भावाभावात दोन चुली ठीक, दोन डबे कशाले?"

६ मे
पासवर्ड बदलला. बाबांना न विचारता.
दहा मिनिटांत काकू जिन्यात. "काहून वं, आता वायफायले बी सोवळं लावलं का?"
शनिवारपर्यंतच, म्हटलं.
"राहू दे बाई. आमी मालिका पाहणारे अडाणी. तू साहेबीण."
बाबा पेपरमागून ऐकत होते. नंतर एवढंच, "तिले आधी सांगता येत नव्हतं का?"

७ मे
वरचं सगळं बंद. आमचा टीव्हीही बंद करून पाहिला. तरी माझ्या खोलीत चित्र अडकतंच.
लहानपणी, शाळेत जायच्याही आधी, बाबांनीच गणित शिकवलं. उत्तर चुकलं की म्हणायचे, दुसऱ्याची वही पाहू नको, आपली पायरी पाहा. मी तर सरळ दुसऱ्याची वहीच फाडली.

८ मे
लॅपटॉप उचलून घरभर फिरले. बैठकीत डब्याजवळ झकास. कूलर ओलांडला की मेलं. पत्र्याचा कूलर, पोटात पाणी, आणि गेल्या महिन्यापासून नेमका माझ्या खोलीच्या दारात. काकूंचा काही दोष नव्हता.
नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून वर गेले. चुकलं माझं, म्हटलं. काकू भाजी निवडत होत्या, मान वर नाही. "ठेव तिथं. आमचं नवीन कनेक्शन उद्या येऊन राहिलं."
म्हणजे घरात दोन डबे. माझ्यामुळे.
कूलर हलवू का, विचारलं. बाबा: "या उन्हात? बैठकीत बस ना, कोण खाते तुले?"

९ मे, शनिवार
बैठकीत बसले. आई-बाबा समोरच, कॅमेऱ्यात येऊ नयेत म्हणून भिंतीला टेकून. चित्र एकदाही अडकलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, पुण्याला राहायला याल का? 'घरी विचारून सांगते' हे पाठ केलेलं होतं. तोंडून निघालं, "हो, येईन." अगदी स्पष्ट. माझ्या खोलीत असते तर...
बाबा चप्पल घालून बाहेर गेले. चार वाजले, अजून जेवायला आले नाहीत.
सोमवारी कळवतील.
आई ताट झाकून ठेवत म्हणाली, "त्याईले आधी विचारायचं होतं वं."
"नाहीच म्हणाले असते."
"मंग? म्हणूनच विचारायचं होतं."