आवाज माझा आहे

४ मार्च
आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात. मी आता ओपन सोर्सवाला आहे. ओपन सोर्स म्हणजे कोणाच्या बापाचं नसलेलं सॉफ्टवेअर. फुकट घ्या, फुकट द्या, बिघडलं तर सगळ्यांनी मिळून दुरुस्त करा.
आमचं ॲप गोळ्यांची आठवण करून देतं. मी इकडे घरापासून लांब, लाँड्रीत कामाला, म्हणून ताईने आईच्या फोनमध्ये टाकलं, पण ते इंग्रजीत बोलायचं. आईला वाटायचं राँग नंबर. बीपीची गोळी राहायची. मागच्या महिन्यात चक्कर येऊन पडली. मी फोनवर भाषांतर करून ॲपवाल्यांना झापलं, मराठी का नाही म्हणून. त्यांचा मुख्य म्हणाला, तूच बोल, आम्ही बसवतो. (फोटोत दाढी आहे. यापुढे दाढीवाला.)
बोललो. सातवीनंतर शाळेला मी झेपलो नाही, पण आवाजाला काय शाळा लागते?

६ मार्च, जेवणाची सुट्टी
लाँड्रीत ड्रायरशेजारी उभं राहून रेकॉर्ड केलं होतं. आवाजात घरघर आहे म्हणे. घरघर नाही, कष्ट आहेत ते. तरी कुठल्याशा देशातल्या एका बाईने आपली सुट्टी घालवून सगळी घरघर काढली. पैसे किती विचारलं, तर हसरा चेहरा पाठवला. दिवसभर लोकांच्या चादरी मी धुतो आणि माझा आवाज दुसऱ्याने धुवायचा! मनाला लावून घेतलं नाही. आता चादरींच्या खोलीत रेकॉर्ड करतो. कपाटं भरलेली असली की आवाज घुमत नाही. हा माझा शोध.

९ मार्च
'आई, गोळी घे' ऐकलं की आई फोनला म्हणते, घेते रे बाबा. आणि घेते! ताई म्हणाली, समोर होतास तेव्हा तुझं एक ऐकलं नाही तिने, आता फोनातून ऐकतेय.
संकल्प: जूनपर्यंत ॲपचा प्रमुख.

१४ मार्च
कटकट. कोणाच्या तरी नातवाने लिहिलंय, ॲप आमच्या आजोबांना आई म्हणतं. आजोबा भडकतात, गोळी फेकून देतात.
मी उत्तर दिलं, सवय होईल.
दाढीवाला मध्ये पडला. म्हणे, हाक वेगळी रेकॉर्ड कर आणि 'गोळी घ्या' वेगळं. मग ज्याला जी हाक हवी ती लावता येईल.
मला शिकवतो! आवाज माझा, आई माझी. फुकट दिलेल्यात खोट काढतात. माझ्या खोलीत राहणारा ड्रायव्हर म्हणाला, अरे, ॲप तरी तू विकत घेतलं होतंस का? त्याच्याशी बोलणं बंद. चार्जर मागण्यापुरतं चालू.

१६ मार्च
राजीनामा दिला. लांबलचक. आवाजही परत द्या म्हटलं. दाढीवाला म्हणाला, दिलेलं खरं तर सगळ्यांचं होतं, पण तुला नको असेल तर पुढच्या आवृत्तीतून काढतो, दार उघडं आहे.
मी भांडायची पूर्ण तयारी करून गेलो होतो. हा भांडलाच नाही. याला दादागिरी म्हणतात.

१७ मार्च
फोर्क केला. म्हणजे त्यांचा सगळा माल जसाच्या तसा उचलायचा आणि शेजारी आपलं दुकान मांडायचं. परवानगी लागत नाही. दाढीवाल्याने शुभेच्छा दिल्या वर, अडलं तर विचार म्हणाला. विचारते माझी चप्पल.
ताईला बजावलं, आईच्या फोनमध्ये नवीन आवृत्ती टाकायची नाही. आपलं तेच खरं. तिने विचारलं, बिघडलं तर तुला दुरुस्त करता येतं का? म्हटलं, लाँड्रीच्या मालकाला कुठे चादर धुता येते?

२५ मार्च
दुकान जोरात. गिऱ्हाईक एक: आई. बघून गेलेले दोघे. एक मी. दुसरा मीच, ड्रायव्हरच्या फोनवरून.

२ एप्रिल
आईचा फोन आपोआप अपडेट झाला आणि माझं ॲप मुकं झालं. ताई सासरी गेलेली. आई हाकेची वाट बघत बसली. हाक नाही म्हणून गोळी नाही. काल ताई परतली तर आई ओटा धरून उभी, डोळे मिटून. आई मला फोनवर म्हणाली, मला वाटलं तुला काम असेल.
ताई काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.
सध्या ती हाताने गोळी देते, पण रविवारी परत जाणार. मी दुरुस्तीला बसलो. आत नुसते कंस. कंसात कंस. बंद केलं.

३ एप्रिल
माघार नाही. गनिमी कावा.
'नवशिका' नावाने नवं खातं उघडलं. लिहिलं, ओळखीतल्या एकाचं ॲप मुकं झालंय, त्याच्या बहिणीचा हा नंबर. दाढीवाला लगेच हजर. मागोमाग घरघरवाली बाई. आजोबांच्या नातवाने तर ताईला फोन लावून, एकेक बटण सांगत नवीन आवृत्ती टाकून दिली. आमची काय ओळख? काही नाही.
मात्र तिच्यात मराठी आवाज नाही. दाढीवाला म्हणाला, एका मित्राची ती जागा आहे, रिकामी ठेवलीय, तू बोलशील?

४ एप्रिल
'गोळी घ्या' बोलून पाठवलं. हाक बिक काही नाही. आवाज ओळखू नये म्हणून नाक दाबून. बाईने विचारलं, सर्दी झालीय का, काळजी घे. म्हणजे कोणालाच पत्ता नाही!

६ एप्रिल
आजोबांनी गोळी घेतली. आईने नाही. म्हणते, हा कोण परका, मला घ्या घ्या करतो?
तेवढ्यात मला एक जबरदस्त कल्पना सुचली. हाक वेगळी ठेवायची, गोळी वेगळी! ज्याला जी हवी ती हाक लावा. एवढी शिकलेली माणसं, एकालाही सुचू नये? नवशिक्याच्या नावाने कळवलं. जून कशाला, मेमध्येच प्रमुख होतो.

७ एप्रिल, जेवणाची सुट्टी
दाढीवाल्याचं उत्तर आलं. कल्पना उत्तम आहे म्हणे. हाकेची सोय मार्चमध्येच करून ठेवलीय, फक्त आवाजाची वाट बघत होतो. या वेळी नाक सोडून बोल. आणि आईंना आता चक्कर येत नाही ना?
ताईला फोन करून झापलं, माझं नाव कशाला सांगितलंस? ती म्हणाली, मी कशाला सांगू? बटणं सांगणाऱ्या त्या मुलाने सगळ्यात आधी हेच विचारलं, तुमचा भाऊ बरा आहे ना?
दाढीवाल्याला कडक उत्तर लिहायला घेतलं. आधी 'आई' तेवढं रेकॉर्ड करून टाकावं म्हटलं. चादरींच्या खोलीत दोन-तीनदा केलं, पुसलं, पुन्हा केलं. शेवटी जसं आलं तसं पाठवलं.
सुट्टी संपली. उत्तर राहिलं.