खिशावरची नावं

ती. काकांना साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच केला आहे, पण भाव आडवा पडलेला समजावा.) तुमची तब्येत बरी असेलच. काकूंचा गुडघा कसा आहे तेवढं मात्र कळवा, कारण मागच्या पत्रात त्यांच्या गुडघ्याबद्दल दोन ओळी होत्या आणि 'गुडघा' हा शब्द कुठून आला याबद्दल दोन पानं. इकडे सगळं ठीक. माझं नाव तुम्हीच ठेवलंत, त्याचा अर्थ 'मोजकं बोलणारी' असा होतो, हे मी विसरलेले नाही, तरी पत्र लांबणार आहे. धाकट्याचं नावही तुमचंच, 'शत्रूंना पळवून लावणारा' अशा अर्थाचं. परवा घरात पाल निघाली तेव्हा कोण पळालं ते लिहीत नाही.

तर सांगायचं असं, की यंदा नावांनी मला पार तोंडघशी पाडलं आणि त्यात थोडा हात तुमचाही आहे. माझ्या भरतकामाच्या दुकानाला गेल्या महिन्यात इथल्या इस्पितळाचं काम मिळालं. बावीस डॉक्टरांचे पांढरे कोट आणि प्रत्येकाच्या खिशावर निळ्या दोऱ्यानं नाव. हे नीट पार पडलं असतं तर चादरी, पडदे, सगळंच वर्षभर माझ्याकडे येणार होतं. (दोन मशीनपैकी एक सध्या फक्त आवाज करतं, तेव्हा मला हे काम किती हवं होतं ते समजून घ्या.) भांडारातल्या कारकुनानं गठ्ठ्याबरोबर यादी पाठवली. कोट क्रमांक एक, तूर्तास. दोन, कुलूप. तीन, वाफ. चार, 'आणखी एक'. मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग तुमचं ते पत्र आठवलं, ज्यात तुम्ही लिहिलं होतंत की हल्ली लोक वाट्टेल ती नावं ठेवतात आणि अर्थ विचारायला जावं तर आपणच अडाणी ठरतो. मला अडाणी ठरायचं नव्हतं. तरी जिवाला चैन पडेना म्हणून कारकुनाला फोन केला, तर तो म्हणाला, "बाई, यादीतली वेलांटीसुद्धा हलवू नका. मागच्या भरतकामवाल्यानं मोठ्या साहेबांच्या नावातला ऱ्हस्व दीर्घ केला, त्याचं काम गेलं." मग काय, वेलांट्या सांभाळत मी बावीसच्या बावीस कोट भरले. टाका असा सुबक, की दृष्ट लागावी.

स्वतःच्या छातीवरचं नाव कुणी वाचत नाही, हे मला त्या सोमवारी कळलं. सगळ्यांनी कोट चढवले आणि कामाला लागले. सगळ्यात आधी वाचलं ते पोटाचं ऑपरेशन झालेल्या एका म्हाताऱ्या शिक्षिकेनं. ऑपरेशन करणारे डॉक्टर तिच्या खाटेशी आले, तशी ती अदबीनं म्हणाली, "तूर्तास साहेब, माझे टाके कधी काढणार?" डॉक्टर म्हणाले, "तूर्तास नाही." मागे उभ्या असलेल्या नर्सला जे हसू फुटलं, ते तिला थेट जिन्यापर्यंत घेऊन गेलं.

दुपारी मला बोलावणं आलं. मोठ्या साहेबांची खोली डॉक्टरांनी भरलेली, कोपऱ्यात कारकून, चेहरा कोटांहून पांढरा, आणि त्याच्या शेजारी इस्पितळाचा धोबी, ओले हात पाठीमागे धरून. उलगडा झाला तो असा. डॉक्टरांची लांबलचक नावं धोब्याच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून गेली वीस वर्षं तो कोट ओळखतो ते त्यानंच ठेवलेल्या नावांनी. ती त्याची यादी कारकुनाच्या फायलीत होती आणि घाईघाईत नेमकी तीच माझ्याकडे आली. साहेब गरजले, "अर्थ सांग! एकेकाचा!" आणि काका, मला तुमची फार आठवण झाली, कारण तो सांगू लागला. पहिले डॉक्टर कुठलंही वाक्य 'तूर्तास'शिवाय सुरू करत नाहीत. दातांच्या डॉक्टरीणबाई दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावतात, स्वतः कधी उघडत नाहीत, म्हणून कुलूप. तिसऱ्यांना हाक मारायचा अवकाश, जागेवर नसतातच. रक्त घेणारे प्रत्येक वेळी 'आणखी एक बाटली' म्हणतात. ज्याचं नाव निघे, तो बुटांकडे बघू लागे. (तुम्ही अर्थासाठी संस्कृत धातूपर्यंत खणत जाता. हा माणूस मळलेल्या बाहीपर्यंतच गेला आणि त्याला पाणी लागलं.)

मग साहेबांनी मान वाकवून स्वतःचा खिसा वाचला. मेणबत्ती. "मला वाटायचं, मला सगळे वाघ म्हणतात," ते हळूच म्हणाले.

"वाघ तुमचं तुम्हीच म्हणता, साहेब."

"मग मेणबत्ती का?"

"वरून पेटता, खालून वितळता."

साहेबांनी टेबलावर असा हात आपटला की पेन उडालं. माझं काम बंद, कारकुनाची बदली, धोब्याची महिनाभर रजा बंद! आम्ही तिघं खाली मान घालून दारापर्यंत पोचलो असू, तोच मागून आवाज आला, "थांब रे. तुझ्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी ना? मग गुरुवार-शुक्रवार येऊ नकोस." खोलीतला प्रत्येक जण छताकडे बघत होता. "आणि बदलीचं राहू दे. नवीन माणूस शिकेपर्यंत वर्ष जातं. बाई, टाका मात्र चांगला आहे हं तुमचा." त्यावर डॉक्टरीणबाई, ज्यांचा आवाज तिथं कुणी धड ऐकला नव्हता, त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की बाहेरचे पेशंट दार उघडून बघून गेले.

आठ दिवसांत जुनी नावं उसवून खरी भरून द्यायची, असं ठरलं. बावीसपैकी तेराच कोट आले. बाकीचे म्हणे धुवायला टाकलेत. साहेबांचा आला, पण खिशात चिठ्ठी होती. बाहेर खरं नाव भरावं, आतल्या बाजूला जुनं पुन्हा भरावं. तसं करून दिलं. पडद्यांचं कापड काल आलं.

काकूंना नमस्कार. प्रकृतीला जपा.

तुमची पुतणी

ता. क. : लेकीला आठवा संपत आला आहे. तुमची नावांची अर्थासकट यादी तयार असणार. ती कृपा करून पाठवू नका. लेक म्हणते, बाळ कसं आहे ते आधी बघू आणि मग आम्हीच काय ते ठेवू. खरं तर एवढंच कळवायला बसले होते, पण धीर यायला चार पानं लागली.

आणखी ता. क. : सोबत तुमच्यासाठी घरात घालायला सुती कोट शिवून पाठवते आहे. खिशावर 'पुरवणी' असं भरलं आहे. निरोप घेऊन, चपला घालून झाल्यावर दारात उभं राहून तुमचं जे खरं बोलणं सुरू होतं, त्यावरून आम्ही सगळी पुतणेमंडळी लहानपणापासून तुम्हाला हेच म्हणतो. आमच्यावर रागावू नका. नाव काकूंनी ठेवलं आहे, लग्नानंतर तिसऱ्या दिवशी.