इस्त्री थांबली तर पुस्तक छापावे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कादंबऱ्या लिहिणे, हे मृत्युपत्र राहत्या घरी, माझ्याच टाइपरायटरवर, माझ्या मर्जीने करीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण ज्याने पुस्तकांतून इतके खून पचवले त्याच्या मृत्युपत्रावर कुणीही शंका घेईल. दडपण म्हणावे तर थोरला आणि धाकटी, माझी दोन मुले, वर्षभर आणत आहेत. पण ते दोन्ही बाजूंनी सारखेच असल्याने मी सरळ उभा आहे. पूर्ण नावे व पत्ते नोंदणीच्या पानावर आहेत. इथे मी सगळ्यांना रोजच्यासारखाच हाका मारीन.

कादंबऱ्यांच्या आधी मी कोर्टाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून लोकांची मृत्युपत्रे टाइप करीत असे. मजकूर सांगता सांगता माणूस थांबायचा, इकडेतिकडे बघायचा आणि म्हणायचा, "हे लिहू नका, पण..." त्यापुढे जे यायचे त्यावर माझे घर उभे आहे. आणखी एक शिकलो. घरावरून भांडणे होत नाहीत, घर मोजता येते. भांडणे होतात शिवणयंत्रावरून. म्हणून बारीकसारीक वस्तू आधी.

कलम १. टाइपरायटर धाकटीला. तिने तो दवाखान्यात शोभेला ठेवू नये. 'र' अडकतो तेवढा दुरुस्त करून घ्यावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती दात काढते तेव्हा रोग्याला पत्ता लागत नाही, तोच हात इथे हवा आहे.

कलम २. माझा वर्गमित्र समीक्षक याने माझ्या पहिल्या रहस्यकथेवर लिहिले होते, "हे ताटकळणाऱ्यांचे वाङ्मय आहे." ते वाचून मी दोन दिवस जेवलो नाही असे तो सांगत फिरतो. खोटे आहे, त्या दिवशीही मी दोन्ही वेळा जेवलो. कोर्टाबाहेर दिवस दिवस ताटकळणारी माणसे मी पाहिली होती, त्यांच्यासाठी कुणीतरी लिहायला हवेच होते. आता त्याची कंबर धरते. माझी उंच पाठीची खुर्ची त्याला द्यावी. नाही म्हणाला तर पुन्हा विचारावे. पहिल्यांदा तो नेहमी नाहीच म्हणतो.

कलम ३. राहते घर बायकोला, पूर्ण मालकीने. "हयातीपुरते" हा शब्द मी लोकांसाठी इतक्यांदा टाइप केला आहे, आणि त्या एका शब्दाने घरच्या मालकिणीची भाडेकरू होताना पाहिली आहे, की तो माझ्या घरात येणार नाही. बँकेतील ठेवी निम्म्या तिच्या, उरलेल्या दोन्ही मुलांना सारख्या.

कलम ४. आता खरे काम. माझ्या पुस्तकांचे हक्क, आणि माझा बेलीफ.

बेलीफ हा माझ्या रहस्यकथांचा नायक. उभा जन्म कोर्टाची समन्स घेऊन दारोदार हिंडलेला. बंद दाराआड काय शिजते आहे ते वासावरून ओळखणारा. लोक मला ओळखत नाहीत, त्याला ओळखतात. बँकेतली बाई एकदा माझी सही बघून म्हणाली, "अय्या, बेलीफ तुम्हीच?" मी हो म्हणालो. मागे रांग मोठी होती.

तो जन्मला बायकोच्या इस्त्रीच्या दुकानात. संध्याकाळी मी गठ्ठ्यांवर बसून नवे प्रकरण वाचायचो, ती इस्त्री करता करता ऐकायची. "छान आहे" असे तिने कधी म्हटले नाही. इस्त्री मागेपुढे चालत राहिली तर प्रकरण फाडायचे, जागच्या जागी थांबली तर ठेवायचे. पाठलागाच्या एका प्रकरणाला ती एका वकिलाच्या शर्टावर थांबली ती थांबलीच. वकील शर्टाचे भोक घेऊन आला.

"बाई, लक्ष कुठं होतं तुमचं?"

"गच्चीवर," ती म्हणाली. "एक माणूस लटकत होता. आजच वर आला."

कसोटी चुकली ती एकदाच. मिठाच्या व्यापाऱ्यांवर मी जाडजूड ऐतिहासिक कादंबरी लिहिली. धीर धरवेना म्हणून संध्याकाळची वाट न बघता दुपारीच वाचायला बसलो. वाचत होतो तितका वेळ इस्त्री हलली नाही. मी हवेत. पुस्तक असे आपटले की गोदामातल्या उंदरांनीही ते अर्धवट सोडले. पुष्कळ वर्षांनी ती म्हणाली, "त्या दिवशी वीज गेली होती."

"मग तेव्हाच बोलायचं ना!"

"भर दुपार होती, तुमच्या लक्षात आलं नाही. आणि तुम्ही इतके खुशीत होता."

दुकान आता बंद झाले, पण टेबल मागच्या खोलीत आहे आणि रीत तीच आहे.

गेल्या वर्षी माझा हात थरथरू लागला, तसा प्रकाशक प्रस्ताव घेऊन आला. माझ्यानंतरही बेलीफची पुस्तके निघत राहावीत. लिहिणारे पगारी, मुखपृष्ठावर नाव माझे. "साहेब, तुम्ही निवांत जा," तो म्हणाला. "मागचं आम्ही चालू ठेवतो." भला माणूस आहे, आपण काय बोललो ते त्याला जिन्यात कळले असावे.

थोरल्याने औषध कंपनीतली नोकरी सोडून माझे करारमदार सांभाळले. आता पन्नाशीला आला. तो म्हणतो, "बाबा, नवं पुस्तक नाही म्हणजे मी रोज ऑफिस उघडून काय करू? पंख्याकडे बघू?" धाकटी म्हणते, "मेलेल्या माणसाची सही करणाऱ्याला तुमचा बेलीफ काय करतो, बाबा? पकडूनच देतो ना?" दोघांचेही खरे आहे, म्हणून तर मिटत नाही. पुढे पुढे बोलणेच बंद झाले. "आई, त्याला सांग." "आई, तिला सांग." त्यांची आई म्हणाली, "दोघंही याच खोलीत आहात. मी काय टपालखातं आहे?"

शेवटी मी तिलाच विचारले. ती चादरींच्या घड्या घालत होती.

"मला कोण विचारतंय?"

"मी विचारतोय."

"आता सुचलं." तिने चादरीची दोन टोके माझ्या हातात दिली. "नाव तुमचं तुमच्याबरोबर जाऊ दे. दुसऱ्याच्या अंगावर ते नीट बसायचं नाही. पण बेलीफ चांगला धडधाकट आहे, त्याला कशाला मारता? ज्याला लिहायचंय त्यानं स्वतःच्या नावानं लिहावं, इथं येऊन वाचावं. मी ऐकीन."

म्हणून मी ठरवून देतो की:

मी न लिहिलेल्या कोणत्याही पुस्तकावर माझे नाव घालू नये, बारीक अक्षरातही नाही. बेलीफवर कोणीही लिहावे, मात्र स्वतःच्या नावाने, आणि छापण्यापूर्वी सगळे हस्तलिखित मागच्या खोलीत बायकोसमोर मोठ्याने वाचावे. इस्त्री थांबली तर पुस्तक छापावे. वीज चालू असल्याची खात्री थोरल्याने करावी. लेखक शोधणे, त्याला आणणे, करार करणे हे त्याचे काम, आणि त्याचा पगार माझ्या जुन्या पुस्तकांच्या उत्पन्नातून. उरलेले उत्पन्न बायकोचे, तिच्यानंतर दोन्ही मुलांचे सारखे. प्रकाशकाला हे पटले नाही तर त्याने रागावू नये. दुसरे दोघे फाटकाशी उभे आहेत.

इथवर टाइप केले आणि माझ्या ध्यानात आले की जाता जाता मी तिला पुन्हा कामाला जुंपतो आहे. सबब पुढील मजकूर वरच्या सगळ्यावर वरचढ समजावा. तिने कोणत्याही दिवशी "पुरे" म्हणावे. कारण विचारू नये. मग नवे पुस्तक नाही, बेलीफ जिथे असेल तिथे राहील. थोरल्याचा पगार तरीही चालू राहील. जुन्या पुस्तकांनाही सांभाळणारा लागतो, आणि त्याने पोटासाठी आईच्या तोंडाकडे बघत बसू नये. माझ्यामागे त्या खोलीत तिला दुसऱ्या कुणाचा आवाजच नको असेल, तर तोही तिचा हक्क आहे. तो मी देत नाही, तो तिचाच होता.

हा कागद मी तिला वाचायला दिला. तिने सावकाश वाचला, चष्मा पुसला.

"बघू," म्हणाली. "जो येईल त्याला आधी जेवायला घालीन. उपाशी माणूस शेवट उरकतो."

येणेप्रमाणे लिहून दिले, स्वतः वाचले, आणि साक्षीदारांदेखत सही केली. साक्षीदारांना मी काहीही ठेवलेले नाही, म्हणूनच ते साक्षीदार होऊ शकतात. त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

सही: कादंबरीकार

साक्षीदार:
१. वरच्या मजल्यावरचे निवृत्त रोखपाल (सही)
२. कोर्टाच्या फाटकाबाहेर माझ्या जागेवर हल्ली बसणाऱ्या टायपिस्टबाई (सही)

स्थळ: राहते घर, मागची खोली
तारीख: नऊ ऑक्टोबर, सकाळी