तीस दिवस आणि बसची चावी

५ जानेवारी

डोळे मिटलेच नाहीत! व्यसनमुक्ती केंद्रातल्या योगवर्गाचा पहिला दिवस. शेवटी सगळ्यांनी शवासनात पडायचं. शेजारचे निवृत्त कंपाउंडर दोन मिनिटांत घोरायला लागले. मी आपला छताकडे टक लावून. डोळे मिटले की तेच ऐकू येतं — करकचून ब्रेक, मग पस्तीस पोरांची किंकाळी. मी चालवत असलेली शाळेची बस भिंतीला घासून थांबली. कुणाला साधं खरचटलंही नाही. पण दुसऱ्या रांगेत खिडकीशी माझी छकुली होती आणि माझ्या पोटात दारू.

बसमालक म्हणाले, "तीस दिवस थेंब नाही, वर्गाला दांडी नाही. मग दारू तपासायच्या यंत्रात फुंका नि चावी घ्या. परत असं झालं तर तोंड दाखवू नका." तीस दिवस! मला आजच्या संध्याकाळचीच धास्ती आहे.

१२ जानेवारी

हात थरथरतात. बुटाची नाडी बांधता येईना, छकुलीने बांधून दिली. आठ वर्षांची पोर! मान वर करून बघवेना.

योगवर्गाच्या ताई म्हणतात, "चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. मनात काही लपवलं असलं की श्वास आधी अडतो, बघा." माझा तीनवरच अडतो. छाती धडधडते. मेलो तर शवासनातच मरेन, लोकांना हलवायचा त्रास नको!

१९ जानेवारी

सहा आले! छकुली बोटांवर मोजत होती. "बाबा, सहा! आता तूच बस चालवणार ना?" बायको डबा भरता भरता थांबली.

छकुली सध्या आईबरोबर चालत शाळेत जाते. बसायचं तर बाबाच्याच बसमध्ये, म्हणते. तिचा एवढा विश्वास बघून भीतीच वाटते.

२ फेब्रुवारी

पोट बिघडलं. वर्गाला गेलो नाही. ताईंना कळवलं, आजारपणाची दांडी धरत नाही म्हणाल्या.

३ फेब्रुवारी

उद्या यंत्र. फार भीती वाटतेय. बायकोने माझ्या गणवेशाला इस्त्री केली. न सांगता! महिन्याभरात पहिल्यांदाच.

४ फेब्रुवारी

फुंकलं. शून्य! बसमालकांनी पाठ थोपटली, चावी हातात दिली. गॅरेजमध्ये बस रिकामी, फक्त छकुली दुसऱ्या रांगेत खिडकीशी. चावी फिरवण्याआधी चार आत, सहा बाहेर करायला गेलो. श्वास दोनवर अडकला. पुन्हा केलं. परत दोन!

परवा पोट बिघडलं नव्हतं. जुन्या मित्राकडे बसलो होतो. दोन पेग. इथे वहीतसुद्धा खोटं लिहिलं, कोण वाचणार होतं?

खाली उतरलो. बसमालकांना सगळं सांगून टाकलं, चावी टेबलावर ठेवली. त्यांनी ती खणात टाकली. मग बदली ड्रायव्हरला फोन लावला.

छकुलीला शाळेपर्यंत चालत नेलं, वाटेत तिलाही खरं सांगितलं. तिने हात सोडला नाही. फाटकाशी म्हणाली, "बाबा, म्हणजे आता परत एकपासून मोजायचं?"

हो म्हटलं.